दंडावरची पट्टी

हात वर केला की आईच्या पाटल्या घसरत पार कोपरापर्यंत जायला लागल्या, तेव्हा आम्ही त्या सोनाराकडे नेऊन लहान करून घ्यायच्या गोष्टी करत होतो. त्याच आठवड्यात तिच्या पायाचं ड्रेसिंग करायला येणाऱ्या सिस्टरांनी पिशवीतून टेप काढली, आईचा डावा दंड मोजला आणि मला विचारलं, "ताई, आजी जेवतात किती हो?" दंड भरला 20.5 सेंटिमीटर. आधी ज्या रुग्णालयात ती होती तिथल्या कागदांवर वजनाचा रकाना कोराच होता, कारण तिला काट्यावर उभं राहता येत नव्हतं. दंड मोजायचं तिथे कुणाला सुचलं नव्हतं.

दंड पाहून माणूस ओळखायची रीत आपल्याकडे जुनी. मूल बाळसं धरतं ते आधी दिसतं दंडांवर आणि मांड्यांवर पडणाऱ्या वळ्यांतून. पण नजर फसते. वाडीतली सगळीच पोरं किडकिडीत असली की तसंच असणं बरोबर वाटायला लागतं. म्हणून आकडा लागतो. आकडा काढायचा तर वजनकाटा हवा आणि मुलाचं वय माहीत हवं. जिथे जन्माची नोंद नाही, "आदल्या पावसाळ्यातला" एवढंच आईला सांगता येतं, तिथे वयाप्रमाणे वजनाचा तक्ता हातात असून उपयोग काय?

ही अडचण दंडाने सोडवली. पहिल्या वाढदिवसानंतर मूल झपाट्याने उंच होतं, पण बाळपणाची चरबी उतरते आणि तिच्या जागी स्नायू भरतो. ही देवाणघेवाण अशी जुळून येते की एक ते पाच वर्षांच्या दरम्यान निरोगी मुलाचा दंडघेर फार थोडा बदलतो. वय नेमकं ठाऊक नसलं तरी चालतं. डेरिक जेलिफ यांनी 1966 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी समाजाचं पोषण कसं तपासावं याचं पुस्तक लिहिलं, त्यात दंडघेराला मानाचं स्थान मिळालं.

लगेचच त्याची कसोटी लागली. बियाफ्राच्या युद्धात नायजेरियात उपाशी मुलांच्या रांगा लागल्या. तिथे काम करणाऱ्या क्वेकर पथकाने एका उभ्या काठीवर खुणा केल्या. मुलाचा दंड मोजायचा, मग त्याला काठीशी उभं करायचं. त्या दंडघेराच्या खुणेपेक्षा मूल उंच निघालं, तर त्याला आधी अन्न द्यायचं. ना वजनकाटा, ना गणित. 1969 साली ही 'क्वॅक काठी' छापील लेखातून जगापुढे आली.

काठीची पट्टी झाली ती बगदादमध्ये. अदनान शाकिर आणि डेव्हिड मॉर्ले यांनी 1974 साली साडेबारा आणि साडेतेरा सेंटिमीटरच्या सीमा धरून तीन रंग सुचवले: लाल, पिवळा, हिरवा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ते वाचता येतात. कापडी टेप ताणली जाते, म्हणून न ताणणारं काही हवं होतं. एक्स-रेच्या जुन्या फिल्मचीही पट्टी कापता येई. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड झर्फस यांनी टोक खाचेतून ओवायची टेप आणली. आज अंगणवाडीत दिसते ती तिचीच लेक.

1980च्या दशकात आंद्रे ब्रियाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बांगलादेशात दिसलं की कोणतं मूल दगावण्याचा धोका अधिक आहे, हे दंडघेर चांगलं सांगतो. माझ्या मते पट्टीचा खरा मान तिथे ठरला. 2009 साली सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी तीव्र कुपोषणाची सीमा 11.5 सेंटिमीटर ठरली. आपल्या अंगणवाडी सेविका ज्याला 'सॅम' म्हणतात ते या सीमेखालचं मूल.

सेविकेचा हात कसा चालतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. मुलाचा डावा कोपर काटकोनात दुमडायचा. खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये खूण करायची. मग हात सैल सोडायचा, पट्टी ओवायची, कातडीला टेकेल पण रुतणार नाही इतपतच ओढायची आणि पट्टीच्या खिडकीत माप वाचायचं. पट्टी फार आवळली की दोन-तीन मिलिमीटर कमी भरतात आणि पिवळ्यातलं मूल लाल होतं. त्यानंतर दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहतो का ते पाहायचं, कारण सुजेचं कुपोषण पट्टीला नेहमीच सापडतं असं नाही. गेल्या दशकात नायजर देशात हीच पट्टी थेट आयांच्या हाती दिली गेली. मधली खूण त्यांनी नुसत्या नजरेने धरली, तरी मापं भरवशाची निघाली.

म्हातारपणी कोडं उलटं होतं. वय ठाऊक असतं, उंची हरवते. मणके दबतात, पाठ वाकते, उभं राहवत नाही, आणि मग वजन-उंचीचं गणित कोसळतं. 1985 साली विल्यम चमली यांनी साठ ते नव्वद वर्षांच्या माणसांची उंची टाचेपासून गुडघ्यापर्यंतच्या मापावरून काढायची रीत मांडली. पायाचं लांब हाड मणक्यांसारखं दबत नाही. 1994 साली गिगोझ आणि वेलास यांनी वृद्धांच्या पोषणाची तीस गुणांची चाचणी मांडली आणि मुलांच्या दंडावरची टेप आजीच्या दंडावर आली. 21 सेंटिमीटरखाली शून्य गुण, 21 ते 22 ला अर्धा, त्यावर एक. पोटरी 31 च्या खाली गेली की तिथेही शून्य.

आईला दंडाचा शून्य मिळाला होता. सिस्टरांनी दात पाहिले, गिळताना ठसका लागतो का विचारलं, चहाबरोबरची दोन बिस्किटं म्हणजे न्याहारी नव्हे हे तिला समजावलं. नाचणीचं सत्त्व, मऊ भातावर तूप, एक अंडं. गेल्या महिन्यात दंड 21.5 भरला. पाटल्या अजून सैल आहेत. त्या कापू नका, असं आईनेच बजावलंय.