जड धातू : घनता व किरणोत्सारिता
जड धातूची घनता, म्हणजे एकक घनफळातील वस्तुमान, अणुभाराबरोबरच अणूचा आकार व स्फटिकातील अणूंची मांडणी यांवर ठरते. किरणोत्सारिता, म्हणजे अणुकेंद्राने आपोआप कण वा प्रारणे उत्सर्जित करण्याचा गुणधर्म, मात्र केंद्रातील प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या संतुलनावर अवलंबून असते, त्यामुळे या दोहोंची सहज घातली जाणारी सांगड टिकत नाही. सर्वाधिक घनतेचे ऑस्मियम (दर घन सेंमी.ला २२.५९ ग्रॅम) व्यवहारतः स्थिर आहे, तर तीव्र किरणोत्सारी रेडियमची घनता जेमतेम ५.५, म्हणजे लोखंडाहूनही कमी, भरते. बिस्मथ दीर्घकाळ स्थिर मानले जाई. २००३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी त्याचा अल्फा-क्षय नोंदवला, तेव्हा त्याचा अर्धायुकाल (निम्मे अणू क्षय पावण्यास लागणारा काळ) विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून अधिक निघाला.