टॅब कळीची कुळकथा

संगणकाच्या अभ्यासक्रमांना गणिताच्या घराण्यातले मानण्याचा प्रघात आहे. बॅबेजचे यंत्र, ट्यूरिंगचा सिद्धान्त आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला, १९६२ मध्ये ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालेला संगणक ही वंशावळ पाठ्यपुस्तकांच्या पहिल्या प्रकरणात ठरलेली असते, आणि तिच्यात खोटे असे काही नाही. मात्र नंदुरबार, शहादा किंवा तळोदा येथे प्रोग्रॅमिंग, नेटवर्किंग आणि ऑफिस सॉफ्टवेअर शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या करंगळीखाली, कळफलकाच्या डाव्या कडेला, टॅब नावाची जी कळ असते तिचा माग काढत गेले, की ही वंशावळ बाजूला राहते आणि वाट थेट टंकलेखनाच्या वर्गात जाऊन पोहोचते.

टॅब हे टॅब्युलेटरचे, म्हणजे रकाने पाडणाऱ्या साधनाचे, लघुरूप होय. काही जण त्याचा संबंध हर्मन हॉलरिथच्या गणनयंत्राशी जोडतात. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत वापरले गेलेले हे यंत्रही टॅब्युलेटर म्हणूनच ओळखले जाई आणि त्याच्याच कंपनीतून पुढे आयबीएम उभी राहिली, त्यामुळे ही व्युत्पत्ती मोहात पाडणारी आहे. ती टिकत मात्र नाही, कारण हॉलरिथचे यंत्र छिद्रे पाडलेली कार्डे मोजत असे, तर टंकयंत्राचा टॅब्युलेटर काहीच मोजत नसे. कागद धरणारा गाडा आधी लावून ठेवलेल्या खिट्टीपर्यंत एका दमात सरकवणे एवढेच त्याचे काम होते. आजची टॅब कळही मोजत नाही, सरकवते. १९६३ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या आस्की या संकेतप्रणालीत ९ हा क्रमांक आडव्या टॅबला आणि १३ हा क्रमांक गाडा परत आणण्याच्या क्रियेला मिळाला, यावरून ही मंडळी कोणत्या घरातून आली ते पुरेसे स्पष्ट होते.

महाराष्ट्रात या खिट्ट्यांना परीक्षेने प्रतिष्ठा दिली. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षेत वेगाचा उतारा, पत्र आणि स्टेटमेंट असे भाग असत. स्टेटमेंट म्हणजे रकान्यांचा तक्ता. तो बसवण्यासाठी प्रत्येक रकान्यातील सर्वांत लांब नोंद मोजावी लागे, त्यांची बेरीज ओळीच्या रुंदीतून वजा करावी लागे आणि उरलेली जागा रकान्यांमध्ये वाटून खिट्ट्या लावाव्या लागत; हे सगळे पहिले अक्षर उमटण्याच्या आधी. इंग्रजीत हा हिशेब सोपा होता, कारण दर कळीला गाडा एक घर सरकत असे. मराठीत मात्र मात्रा, उकार आणि अनुस्वार यांच्या कळा दाबल्या तरी गाडा जागचा हलत नसे. ‘नंदुरबार’ हाच शब्द घ्यावा. वाचणाऱ्याला त्यात ५ अक्षरे दिसतात. टंकलेखकाला न, अनुस्वार, द, उकार, र, ब, काना, र अशा ८ कळा दाबाव्या लागत. आणि अनुस्वार व उकार जागा घेत नसल्यामुळे कागदावर ६ घरे खर्ची पडत. ज्याने ५ किंवा ८ धरून खिट्टी लावली त्याचा रकाना बिघडला. गंमत अशी, की पायथन या भाषेत याच शब्दाची लांबी विचारली तर उत्तर ८ येते, कारण युनिकोडमध्ये तो टंकलेखकाच्या कळांप्रमाणेच सुटा सुटा साठवलेला असतो. टंकयंत्रावर घडलेल्या माणसाला या उत्तराचे मुळीच आश्चर्य वाटले नसते.

परिषदेची परीक्षा पुढे संगणकावर आली आणि जीसीसी-टीबीसी या नावाने घेतली जाऊ लागली, तेव्हा वेगाचा उतारा, पत्र आणि स्टेटमेंट यांपैकी काहीही गळले नाही. ईमेल आणि वस्तुनिष्ठ प्रश्नांची भर तेवढी पडली. पत्र वर्डमध्ये गेले, स्टेटमेंट एक्सेलच्या वाटेला आले. येथे एक आक्षेप संभवतो. एक्सेलचे मूळ १९७९ च्या व्हिसिकॅल्कमध्ये आणि त्याच्याही मागे हिशेबनिसाच्या खातेवहीत आहे, टंकलेखनाशी त्याचे नाते काय, असे विचारले जाईल. सॉफ्टवेअरपुरता हा आक्षेप बरोबर आहे, अभ्यासक्रमापुरता नाही. अभ्यासक्रमाचे कूळ सॉफ्टवेअर कोणी बनवले यावरून ठरत नाही, ते कोणत्या नोकरीसाठी शिकवले जाते यावरून ठरते. आणि येथे ती नोकरी लिपिक-टंकलेखकाची होती, जिची अट ‘मराठी ३०, इंग्रजी ४०’ या आकड्यांनी वर्गांच्या पाट्यांवर वर्षानुवर्षे झळकत राहिली.

दुसरा दावेदार म्हणजे १९८१ ची एनआयआयटी आणि १९८६ ची अ‍ॅपटेक यांनी शहरांत रुजवलेली खासगी संगणकशिक्षणाची पद्धत. तिने प्रोग्रॅमिंगला वलय दिले हे खरे, पण नंदुरबारसारख्या जिल्ह्यात संगणकवर्ग का वाढले याचे उत्तर तिच्यात सापडत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून हा जिल्हा वेगळा झाला; जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि कोषागार हाकेच्या अंतरावर आले. पाठोपाठ २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी सुरू झाला आणि शासकीय सेवेत संगणक अर्हता म्हणून चालू लागला. कचेऱ्या आल्या म्हणून वर्ग आले, असा निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी. पुढे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक शहादा तालुक्यातील टेंभली येथे दिला गेला. अशा नोंदणीचा कोणताही पडद्यावरचा अर्ज भरताना सराईत हात एका रकान्यातून दुसऱ्यात टॅबनेच जातो.

प्रोग्रॅमिंगमध्ये तर या कळीने हट्टच धरला. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी प्रोग्रॅम जुळवून देणारे ‘मेक’ हे साधन लिहिले. त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, मोकळ्या जागा चालत नाहीत. ही अडचण लवकरच ध्यानात आली होती, पण तोवर वापरणारे डझनभर झाले होते आणि त्यांची घडी विस्कटू नये म्हणून नियम तसाच राहिला. डझनभर लोकांची ती सोय आज जगभरचे विद्यार्थी निस्तरत आहेत.

नेटवर्किंग मात्र या कुळातले नाही. ते टेलिफोनच्या घरातून आलेली सून आहे. प्रात्यक्षिकात केबलच्या टोकाला जोडणी दाबून बसवताना विद्यार्थी पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम घोकतात आणि हिरव्याची जोडी मध्येच का फोडली असे विचारतात. टेलिफोनच्या रंगक्रमात निळी जोडी पहिली असते आणि एका लाइनच्या दूरध्वनीच्या तारा जोडणीच्या मधल्या दोन पिनांवर येतात. म्हणून निळी जोडी चौथ्या आणि पाचव्या जागेवर बसली आणि हिरवीला तिच्या दोन्ही बाजूंना, तिसऱ्या आणि सहाव्या जागेवर, सरकावे लागले.