होंडा एलिमेंट
होंडा कंपनीची छोटी क्रॉसओव्हर मोटार. अमेरिकेतील ओहायो राज्यात ईस्ट लिबर्टी येथील कारखान्यात ती तयार होत असे आणि 2003 ते 2011 या मॉडेल-वर्षांत मुख्यतः अमेरिका व कॅनडा या देशांत विकली गेली. जपानमध्ये ती ओहायोहून पाठवली जाई. तिथली विक्री 2005 पर्यंतच चालली. भारतात एलिमेंट आली नाही. ती जिच्या सांगाड्यावर बेतली होती, ती होंडाचीच दुसऱ्या पिढीची सीआर-व्ही मात्र 2003 पासून भारतीय रस्त्यांवर दिसू लागली.

2001 च्या डेट्रॉइट मोटार प्रदर्शनात ‘मॉडेल एक्स’ नावाने तिचा नमुना मांडला गेला. नुकतेच कमावू लागलेले, सायकली आणि लाटांवरच्या फळ्या घेऊन भटकणारे तरुण आरेखकांच्या डोळ्यांसमोर होते. समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या चौक्यांवरून त्यांनी आकाराची कल्पना घेतली. त्यामुळे गाडी उभ्या बाजूंची, सपाट टपाची आणि कोनाकोनांची झाली. लांबी सुमारे 4.3 मीटर आणि उंची 1.8 मीटरच्या आसपास. चाकांवरचे पत्रे आणि कडा रंग न दिलेल्या करड्या प्लास्टिकच्या होत्या. या प्लास्टिकला पोचे पडत नाहीत आणि ओरखडेही झाकले जातात. पण उन्हात वर्षे काढल्यावर ते पांढुरके पडते, आणि गाडी आहे त्याहून थकलेली दिसू लागते.

एलिमेंटची खरी ओळख तिच्या दारांत आहे. पुढच्या आणि मागच्या दारांमध्ये एरवी असणारा खांब इथे नाही. मागच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला आहेत, त्यामुळे दोन्ही दारे परस्परविरुद्ध दिशांना उघडतात आणि गाडीची जवळजवळ सगळी बाजू मोकळी होते. कपाट, सायकल किंवा सामानाचे मोठे खोके आडवे सरकवून आत घेता येते. मागची डिकी वर आणि खाली अशा दोन पाख्यांत उघडते. खालचे पाखे बसायला बाकासारखे उपयोगी पडते. मागची दोन आसने पुढेमागे सरकतात, बाजूला वर उचलून टांगता येतात किंवा सोडवून घरी ठेवता येतात. ती काढली की सामानाला सुमारे 2,100 लिटर जागा मिळते. पुढची आणि मागची आसने सपाट पाडून दोघांना झोपता येते. म्हणूनच अमेरिकेत तिच्यावर टपावर उघडणारे तंबू बसवून छोट्या मुक्कामी गाड्या तयार करणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला.

तळाला गालिचा नाही, युरेथेनचा लेप आहे. चिखल, वाळू आणि कुत्र्याचे केस ओल्या फडक्याने सहज निघतात. ‘आतून पाइपने धुता येणारी गाडी’ ही तिची ख्याती मात्र खरी नाही. तळाजवळ विजेच्या तारा आणि जोडण्या असल्याने पाण्याचा फवारा मारू नये, असे कंपनीच्याच पुस्तिकेत बजावलेले आहे.

गाडीच्या दोषांचा मोठा भाग तिच्या त्या आगळ्या दारांतूनच येतो. पुढचे दार उघडल्याशिवाय मागचे उघडत नाही, त्यामुळे मागे बसलेल्याला उतरायला दर वेळी पुढच्यावर अवलंबून राहावे लागते. मुलांना रोज शाळेत सोडणाऱ्या घरासाठी हा त्रास लहान नाही. सुरुवातीच्या गाड्यांत पुढच्या आसनाचा पट्टा मागच्या दाराला जोडलेला होता, म्हणजे मागचे दार उघडण्याआधी पुढच्याने पट्टा सोडायलाच हवा. 2007 पासून पट्टे आसनातच बसवले गेले आणि बाजूच्या व पडद्यासारख्या एअरबॅगही सर्व गाड्यांत आल्या. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यानंतरच्या गाड्या निःसंशय सरस आहेत. खांब नसल्याची भरपाई सांगाडा मजबूत करून करावी लागली आणि वजन वाढले. मागच्या खिडक्या खाली जात नाहीत, फक्त बाहेर कलतात. शिवाय आसने चारच; पाच जणांचे कुटुंब या गाडीत मावत नाही.

इंजिन 2.4 लिटरचे, चार सिलिंडरांचे, आधी 160 व 2007 पासून 166 अश्वशक्तीचे. त्यात टायमिंग बेल्टऐवजी साखळी असल्याने ठरावीक अंतराने बेल्ट बदलण्याचा खर्च नाही, आणि नीट निगा राखल्यास ते दीर्घकाळ चालते. 2007 मध्येच चार गिअरच्या ऑटोमॅटिकच्या जागी पाच गिअरचे आले. चौकोनी देहाला वाऱ्याचा विरोध मोठा होतो. त्यामुळे गाडी छोटी असूनही लिटरमागे साधारण 9 ते 10 किलोमीटरच मिळतात. महामार्गावर वाऱ्याचा आणि गालिचा नसल्याने चाकांचाही आवाज आत येतो, आडवा वारा गाडीला ढकलतो, आणि जवळजवळ उभ्या समोरच्या काचेला खडे लागून तडे जाण्याच्या तक्रारी नेहमीच्या आहेत.

2003 मध्ये अमेरिकेत सुमारे 67,000 एलिमेंट विकल्या गेल्या. 2010 मध्ये हा आकडा 14,000 च्या आसपास आला. तरुणांसाठी आखलेली ही गाडी प्रत्यक्षात मध्यमवयीन, कारागीर आणि कुत्री पाळणाऱ्यांनी अधिक आपलीशी केली. कंपनीनेही हे ओळखून पुढे कुत्र्यासाठी गादी, चढायला फळी, न सांडणारे पाण्याचे भांडे आणि पंखा असा खास संच दिला. खाली बसवलेली, 18 इंची चाकांची ‘एससी’ आवृत्ती शहरी ग्राहकांसाठी होती. ती मूळ कल्पनेपासून सर्वांत दूर गेली. एकूण विक्री सव्वातीन लाखांच्या घरात पोहोचल्यावर उत्पादन थांबले आणि दुसरी पिढी निघाली नाही.

जुनी एलिमेंट आजही मागणीत आहे. अमेरिकेत तिचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोरीला जाण्याचे प्रमाण मोठे असल्याने तो जागेवर आणि मूळचाच आहे ना, हे विकत घेताना पाहावे लागते. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत अरुंद वळण घेताना मागून घुरघुर ऐकू आली, तर बहुधा मागच्या डिफरन्शियलमधले तेल जुने झालेले असते. होंडाचे त्यासाठीचे खास तेल भरल्यावर हा आवाज सहसा बंद होतो.