हुकमाची राणी आणि किल्वरचा राजा

'हुकमी एक्का' हा शब्दप्रयोग आपण राजकारणापासून क्रिकेटपर्यंत इतक्या सर्रास करतो, की त्याचे मूळ पत्त्यांच्या डावात आहे याचा विसर पडावा. मराठीने या वरचढ पानांना अरबी-फारसी वळणाचा 'हुकूम' हा शब्द दिला, तर इंग्रजीतील 'ट्रम्प' हे 'ट्रायम्फ'चे झिजलेले रूप आहे. एका भाषेने त्यात आज्ञा पाहिली, दुसरीने विजय.

चौदाव्या शतकात पत्ते युरोपात पोहोचले तेव्हा हुकूम नव्हता. उतारीच्या रंगातले मोठे पान हात जिंके. आपल्या गंजिफाच्या खेळातही हुकूम नाही. 1426 साली जर्मनीतील नॉर्डलिंगेन गावी 'कार्नोफेल' या खेळाची नोंद सापडते; त्यात निवडलेल्या रंगाची हलकी पाने राजालाही मारीत. 1440च्या सुमारास उत्तर इटलीत 'त्रिओन्फी' म्हणजे विजयपाने आली. हीच पुढे टॅरो ठरली. मात्र त्यांवरून भविष्य सांगण्याची प्रथा अठराव्या शतकातली. 1529 साली ह्यू लॅटिमर यांनी केंब्रिजमध्ये चक्क पत्त्यांच्या भाषेत प्रवचने दिली आणि बदाम, म्हणजे हृदय, हाच हुकूम मानला.

या इतिहासाचा वाङ्मयाशी काय संबंध, असे कुणी विचारील. अलेक्झांडर पोपचे 'द रेप ऑफ द लॉक' वर्गात शिकवताना तिसऱ्या सर्गातील पत्त्यांचा डाव बहुधा 'महाकाव्यातील युद्धाचे विडंबन' एवढे म्हणून ओलांडला जातो. आम्हीही अनेक वर्षे तेच केले. परंतु 1712च्या पहिल्या आवृत्तीत हा डाव नव्हता. पोपने तो 1714 साली मुद्दाम घातला. त्यामुळे तो खेळाडूच्या नजरेने वाचणे भाग आहे.

खेळ 'ओम्बर', खेळाडू तीन, प्रत्येकी नऊ पाने. बेलिंडा इस्पिकचा हुकूम बोलते, आणि तिचे ते बोलणे सृष्टिकर्त्याच्या आज्ञेचा घाट घेऊन येते. आमच्या मते येथे 'ट्रम्प'पेक्षा मराठी 'हुकूम' हाच शब्द अधिक चपखल बसतो. इस्पिकचा एक्का, इस्पिकची दुर्री, किल्वरचा एक्का आणि इस्पिकचा राजा अशा चार हुकमी पानांनी ती चार हात करते. या खेळात हुकमाची दुर्री राजाहून थोर! मग ती किल्वरचा राजा उतरते आणि बॅरन त्याला हुकमाच्या राणीने कापतो. पाठोपाठ चौकटच्या राजा, राणी, गुलामावर तो तीन हात ओढतो. चार-चार अशी बरोबरी होते. शेवटच्या हाताला तो बदामचा एक्का टाकतो. ओम्बरमध्ये बदाम हुकूम नसताना त्याचा एक्का गुलामाच्याही खाली, त्यामुळे बेलिंडाचा बदामचा राजा जिंकतो.

म्हणजे निर्णायक हात हुकमाने जिंकलेलाच नाही. जिने हुकूम दिला तिची हुकमी पाने संपली आहेत, आणि जय मिळतो तो साध्या रंगाच्या पानाने. ती आनंदाने ओरडते. त्याच सर्गात थोड्याच वेळाने बॅरनची कात्री तिची बट कापते. कापणारा तोच, ज्याने तिचा राजा कापला होता. ही सूचना पोपने डावातच पेरून ठेवली होती. नियम ठाऊक नसल्याने ती आमच्या नजरेतून निसटत राहिली.

हा सर्ग शिकवण्यापूर्वी वर्गात पत्त्यांचा एक जोड न्यावा, एवढेच आमचे सांगणे.