झिजायचं कोणी?

वडिलांची १९६८ची बुलेट दारव्ह्याच्या घरी पंधरा वर्षं पोत्यांखाली पडून होती. सुरू केली तर इंजिनातून टकटक येऊ लागली. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या गजन पिनचा बुश गेला होता. बुश म्हणजे पिनभोवतीची धातूची छोटी नळी. पुन्हा काम निघायला नको म्हणून मी हट्टानं पोलादी बुश बसवून घेतला. काही महिन्यांनी इंजिन उघडलं, तेव्हा बुश शाबूत होता आणि पिन खाल्ली गेली होती. मिस्त्रीनं आधीच नको म्हटलं होतं. चूक माझी होती.

ती समजून घ्यायला मी आधी बैलगाडीकडे पाहिलं. चाकाचा तुंबा लाकडी, त्यात लोखंडी नळी ठोकलेली. नळी झिजली तर बदलता येते. तुंबा गेला तर चाकच नवं करावं लागतं.

१८३९ साली अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिट या सोनारानं याच विचाराला धातूचं रूप दिलं. कथिल, अँटिमनी आणि तांबं यांचा त्याचा मिश्रधातू मुद्दाम मऊ होता. कचरा आला तर पोटात घ्यावा, तेल तुटलं तर स्वतः वितळावं, पण आस वाचवावा. वाफेच्या इंजिनांत असं अस्तर झिजलं की नवं ओतून घेत. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतलेला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं, तेही १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं. यंत्राला असं दीर्घायुष्य लाभतं ते वेळेवर बदललेल्या भागांमुळे.

१९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली आणि इंग्लंडमधल्या रेडिचची बुलेट इथे घडू लागली. तिच्या क्रँक पिनवर तरंगता बुश असे. तो पिनवरही फिरे आणि रॉडमध्येही. त्यावरचा पांढरा धातू बॅबिटच्याच कुळातला.

मग गजन पिनला काय बसवावं? पितळ स्वस्त, लेथवर झटकन उतरतं, पण इंजिनातले ठोके फार काळ सोसत नाही. तेल मुरवलेलं सच्छिद्र ब्राँझ पंख्याच्या मोटरला उत्तम. इथल्या ठोक्यांपुढे कमी पडतं. नायलॉनला ही उष्णता झेपत नाही. गनमेटल, म्हणजे ८८ भाग तांबं, १० कथिल, २ जस्त, मंद हलणाऱ्या सांध्यांना पुरतं. फॉस्फर ब्राँझमध्ये तांब्याबरोबर साधारण दहा टक्के कथिल आणि किंचित फॉस्फरस असतो. ठोका झेलण्याइतकं चिवट, तरी पिनेहून मऊ. मी तेच निवडलं.

यवतमाळच्या लेथवर बुश उतरवला. तेलाचं भोक रॉडच्या भोकाशी जुळवलं. दाबून बसवताना बुश आवळतो, म्हणून नंतर आतून रीमर फिरवून नव्या पिनेच्या मापाला आणला.

जुन्या गाड्यांचे शौकीन ‘अस्सल भाग की नवा’ यावर भांडतात. बुशपुरता हा वाद फोल आहे. कारखान्यातही तो झिजण्यासाठीच बसवलेला असतो. निवडताना एवढंच ठरवायचं की झिजायचं कोणी. वडिलांनी वापरलेली मूळ पिन मात्र हे कळण्याआधीच मी घालवली. ती आता माझ्या टेबलावर असते. चरा पडलेली बाजू वर करून ठेवली आहे.