मानसोपचाराने कर्करुग्णाचे आयुष्य वाढते का?

दूधगंगेकाठचे सदलगा हे बेळगाव जिल्ह्यातील चिक्कोडी तालुक्याचे सीमावर्ती गाव. जवळचा निपाणी परिसर तंबाखूसाठी प्रसिद्ध आणि तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग या पट्ट्याच्या ओळखीचा. उपचारासाठी कोल्हापूर, मिरज, बेळगाव किंवा मुंबई गाठणाऱ्या रुग्णाला आप्तेष्ट एक सल्ला हमखास देतात : मन खंबीर ठेव, आजार हटेल. पुढे आजार बळावला, की मनाने कच खाल्ली म्हणून तो वाढला, असा दोषही रुग्णाच्याच माथी येतो.

या समजुतीला शास्त्रीय बळ मिळाले ते १९८९ साली. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी स्तनाचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. वर्षभर दर आठवड्याला समूह-उपचार घेतलेल्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, इतर १८.९ महिने. निष्कर्ष जगभर गाजला. रुग्णसंख्या किती अल्प होती, याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग केला. २००१ मधील निष्कर्षानुसार दोन्ही गटांचे आयुर्मान जवळजवळ सारखेच, १७.९ आणि १७.६ महिने, होते. उपचार घेतलेल्यांची मानसिक घालमेल आणि वेदना मात्र कमी झाल्या. २००७ साली स्वतः स्पीगल यांच्या नव्या चाचणीतही एकूण आयुर्मान वाढले नाही.

अपवाद आहेत. ओहायोतील बार्बरा अँडरसन यांच्या २००८ मधील अभ्यासात समूह-उपचार घेतलेल्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण घटले. तेथे ताणनियंत्रणाबरोबर आहार, व्यायाम आणि उपचारांतील नियमितपणाही शिकवला होता. त्यामुळे श्रेय नेमके कशाचे, हे सांगणे कठीण. रुग्ण मात्र सुरुवातीच्या अवस्थेतील होते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

नैराश्य असलेल्या कर्करुग्णांत मृत्यूचे प्रमाण काहीसे अधिक आढळते, हे खरे. खचलेला माणूस केमोथेरपीची तारीख चुकवतो, जेवण टाकतो, तंबाखू सोडत नाही. समुपदेशनाचा उपयोग येथे संभवतो. अर्बुदाची वाढ निर्धाराने थांबते, याला मात्र भक्कम पुरावा नाही. म्हणून शस्त्रक्रिया, किरणोपचार वा औषधे यांना समुपदेशन पर्याय ठरत नाही.

समुपदेशनासाठी प्रत्येक गावी मनोविकारतज्ज्ञ हवाच असेही नाही. ‘संगत’ या संस्थेने गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांच्या मदतीने तीव्र नैराश्य कमी झाल्याचे दिसले. ते रुग्ण कर्करोगाचे नव्हते. पद्धत मात्र सीमाभागातील आरोग्य केंद्रांनाही परवडणारी आहे.