उळ्याचे कूळ

पुणतांबा-राहुरी भागात कांद्याच्या बियाला उळे म्हणतात, आणि ते घरचे असावे ही शेतकऱ्यांची जुनी रीत आहे. उन्हाळी कांदा एप्रिलच्या सुमारास काढून चाळीत भरायचा आणि पावसाळा सरल्यावर जो सडला नाही, ज्याला कोंब फुटला नाही, असा एका रंगाचा, बारीक मानेचा कांदा निवडून डोंगळ्यासाठी, म्हणजे बियाच्या पिकासाठी, लावायचा. जानेवारी-फेब्रुवारीत गोंडे फुलतात, उन्हाळ्याच्या तोंडाला काळे बी हाती येते. या रीतीत पक्के शास्त्र आहे. जो कांदा चाळीत टिकला नाही त्याचा वंश पुढे जात नाही. म्हणजे टिकाऊपणाची निवड दरवर्षी आपोआप होते. पिंपळगाव बसवंतला तयार झालेली एन-२-४-१ ही साठवणीसाठी नावाजलेली जातही निवडीतूनच आलेली आहे.

पण चाळीत निवडली जाते ती फक्त आई. गोंड्यातल्या प्रत्येक फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे फुलाला स्वतःचा पराग उपयोगी पडत नाही. पराग चिकट असल्याने वाराही फारसा कामाला येत नाही. बाप ठरवते ती मधमाशी, आणि थोड्याफार प्रमाणात इतर माश्या. संकरित बियाणे आल्यावर माशीची गरज संपेल, असे कोणी म्हणेल. घडले आहे उलटे. १९२५ साली कॅलिफोर्नियात हेन्री जोन्स यांना परागच न धरणारे कांद्याचे एक झाड सापडले. संकरित कांद्याचा उगम तिथला. अशा नर-वंध्य ओळीला शेजारच्या ओळीतून पराग आणून देणारे कोणी नसेल, तर गोंडा पोकळच राहतो. त्यात कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त. मधमाशीला तो विशेष रुचत नाही. जवळ धने किंवा मोहरी फुललेली असली की ती तिकडे वळते. नुसत्या मधपेट्या आणून ठेवल्याने काम भागत नाही, ते यामुळे.

आणि ही नाखूश पाहुणी येते नेमकी फवारणीच्या दिवसांत. फुलकिडे पात खरवडतात, त्या जखमांतून जांभळा करपा शिरतो, दांडा करपून बी भरण्याआधीच मोडतो. फवारले नाही तर डोंगळाच हातचा जाईल, हा शेतकऱ्याचा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पण फुलकिड्यांवरचे कीटकनाशक मधमाशीलाही मारते, आणि दांडा वाचून गोंडा रिकामा राहिला तर हाती काय लागले? करपा आणि परागीभवन हे एकाच दांड्यावरचे प्रश्न आहेत. कीटकनाशक गोंडे उमलण्याआधीच आटोपावे, फुलोऱ्यात टाळावे. अगदीच गरज पडली तर माशी परतल्यावर, संध्याकाळी मारावे. राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन संचालनालय यांनी डोंगळ्यासाठी रोगाचा आणि माशीचा सल्ला एकाच वेळापत्रकात द्यावा. तरीही एकट्या शेतकऱ्याने ते पाळून पुरणार नाही, कारण मधमाशी किलोमीटरभर सहज फिरते आणि शेजारच्या वावरातले विषही तिला लागते. २०१७ च्या १ जूनचा शेतकरी संप पुणतांब्याच्या ग्रामसभेतून उभा राहिला होता. डोंगळे फुलण्याआधी फवारणीच्या वेळाही याच ग्रामसभेने ठरवाव्यात.